फिल्म आपल्याकडे तयार होते, तिचे मोजमापही आपल्याकडेच व्हावे : मराठवाड्यातील विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील विद्यापीठांच्या व्यवस्थापन परिषदांचे व संशोधन समित्यांचे सन्माननीय सदस्य

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

मी धाराशिव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पदवी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गेली काही वर्षे माझे विद्यार्थी कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका) आणि विद्युतवाहक पॉलिमर यांच्या संमिश्रांवर, म्हणजे उष्णतेतून थेट वीज देणाऱ्या पातळ फिल्मवर, प्रकल्प करतात. त्या कामात आम्ही जिथे अडलो आहोत ती अडचण आपल्याच हातून सुटण्यासारखी आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आमच्याकडचा सर्वांत साधा प्रयोग आधी सांगतो. नॅनोट्यूब आणि पॉलिॲनिलीन हा विद्युतवाहक पॉलिमर यांची बोटभर लांबीची काळी पट्टी काचेवर चिकटवायची, तिच्या दोन्ही टोकांना चांदीच्या पेस्टने तांब्याच्या तारा जोडायच्या, मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवायचा आणि एका टोकावर पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवून त्यावर बोट टेकवायचे. डिसेंबरच्या सकाळी खोलीत १८ अंश तापमान असते, तेव्हा बोटाच्या उबेने पडद्यावर अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचा आकडा उमटतो आणि थंड टोक धन असल्याचे दिसते. हाच प्रयोग मे महिन्यात दुपारी, वीज गेलेली आणि पंखा बंद असताना, एका विद्यार्थिनीने केला आणि आकड्यापुढे उणे चिन्ह आले. तारा उलट जोडल्या गेल्या असाव्यात म्हणून तिने त्या काढून पुन्हा जोडल्या, तरी चिन्ह तेच. मग तिने भिंतीवरचा तापमापक पाहिला. खोली ४१ अंशांवर होती. तिचे बोट खोलीपेक्षा थंड होते, म्हणून ज्या टोकाला आपण गरम समजत होतो तेच थंड झाले होते. सीबेक परिणाम शिकवण्यासाठी याहून चांगला धडा मला ठाऊक नाही, आणि तो आमच्याच उन्हाळ्याने दिला.

थॉमस सीबेक यांनी हा परिणाम १८२१ साली पाहिला. वाहकाचे एक टोक गरम आणि दुसरे थंड ठेवले की त्यातील विद्युतभार थंड टोकाकडे सरकतात आणि दोन टोकांमध्ये व्होल्टेज निर्माण होते. दर अंशाच्या फरकाला किती व्होल्टेज मिळते तो सीबेक गुणांक. चांगल्या तापविद्युत पदार्थाकडून तीन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात: हा गुणांक मोठा हवा, विजेची संवाहकता मोठी हवी आणि उष्णतेची संवाहकता मात्र लहान हवी. सीबेक गुणांकाचा वर्ग, विद्युत संवाहकता आणि निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराला औष्णिक संवाहकतेने भागले की जी संख्या येते तिला झेडटी म्हणतात, आणि पदार्थाची सगळी प्रतवारी तिच्यावरून ठरते. निसर्ग या तिन्ही गोष्टी एकत्र सहजासहजी देत नाही. धातूतून वीज छान वाहते, पण उष्णताही तितकीच वाहते आणि सीबेक गुणांक क्षुल्लक असतो. काचेतून उष्णता कमी वाहते, पण वीज वाहतच नाही. अर्धवाहकात विद्युतभार वाढवत नेले की संवाहकता वाढते आणि गुणांक उतरतो. दीर्घ काळ या क्षेत्रावर बिस्मथ टेल्युराइडचे राज्य राहिले. खोलीच्या तापमानाला त्याची झेडटी १ च्या आसपास असते, पण टेल्युरियम दुर्मीळ आहे आणि हा पदार्थ ठिसूळ आहे, त्यामुळे तो गोल पाइपावर गुंडाळता येत नाही.

पॉलिमर इथे उपयोगी पडतो. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनच्या फिल्मला आयोडीनची वाफ देऊन तिची संवाहकता कोट्यवधी पटींनी वाढवून दाखवली आणि त्या कामाला २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर अंतराळयाने निघाली. त्यांना वीज पुरवणारी उपकरणे किरणोत्सारी प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारी सिलिकॉन-जर्मेनियमची तापविद्युत यंत्रे आहेत, आणि एकही हलता भाग नसल्यामुळे ती आजतागायत चालू आहेत. पॉलिमरमधून उष्णता फारच कमी वाहते, मीटरला दर अंशी ०.१ ते ०.५ वॅट इतकीच. त्याची विद्युत संवाहकता मात्र अपुरी पडते. ती उणीव नॅनोट्यूब भरून काढतात. १९९१ मध्ये सुमिओ इजिमा यांच्या निबंधानंतर या नलिका जगाच्या चर्चेत आल्या. एकट्या नलिकेतून उष्णता हजारो वॅटच्या मापाने वाहते, म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते की त्या मिसळल्या तर पॉलिमरचा फायदाच नाहीसा होईल. तसे होत नाही, कारण संमिश्रात एका नलिकेतून दुसरीत जाताना मध्ये पॉलिमरचा पातळ थर असतो. विद्युतभार तो थर ओलांडून जातात, पण उष्णता वाहून नेणारी कंपने त्या सांध्यावर अडतात.

२००८ साली टेक्सासमधील एका गटाने हे फार सोप्या सामग्रीने दाखवले. त्यांनी पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे दुधट पायस घेतले, म्हणजे सुतार लाकूड जोडायला वापरतो तो पांढरा गोंद ज्या पॉलिमरचा असतो तोच. ते वाळताना पॉलिमरचे कण एकमेकांना चिकटत गेले आणि नलिकांना उरली ती फक्त कणांमधल्या फटींची जागा, जशी ज्वारीच्या राशीत बारीक भुसकटाला दाण्यांच्या फटीत उरते तशी. त्या फटींतून नलिकांचे सलग जाळे तयार झाले. वजनाने २० टक्के नलिका असताना विद्युत संवाहकता मीटरला ४८०० सीमेन्सपर्यंत गेली, औष्णिक संवाहकता जवळजवळ पॉलिमरइतकीच राहिली आणि झेडटी ०.००६ आली. संख्या लहान होती, पण दिशा स्पष्ट झाली. पुढे २०११ मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंग येथे नलिकांविना, नुसत्या पेडॉट या पॉलिमरच्या फिल्ममध्ये डोपिंग, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने विद्युतभारांचे प्रमाण ठरवणे, काटेकोर करून झेडटी ०.२५ पर्यंत नेली गेली. २०१५ मध्ये पॉलिॲनिलीन, ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा) आणि दुहेरी भिंतीच्या नलिका यांचे थरावर थर चढवून केलेल्या, एका मायक्रॉनहूनही कमी जाडीच्या फिल्ममध्ये पॉवर फॅक्टर १८२५ पर्यंत गेल्याचे प्रसिद्ध झाले. मायक्रोवॅटच्या नेहमीच्या एककातील हा आकडा टेल्युराइडच्या पंगतीत बसणारा आहे. फक्त लक्षात ठेवायचे ते एवढे की पॉवर फॅक्टर म्हणजे सीबेक गुणांकाचा वर्ग गुणिले विद्युत संवाहकता. औष्णिक संवाहकता त्यात येतच नाही, आणि माझे सगळे गाऱ्हाणे त्या तिसऱ्या राशीबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने चांगली फिल्म केली. नलिका साबणी द्रावणात घालून अल्ट्रासॉनिक टाकीत तासभर हलवल्या, त्यात पॉलिॲनिलीन मिसळले, मेम्ब्रेनवर गाळून वाळवले आणि कागदासारखी सुटी होणारी, दुमडली तरी न तुटणारी चकती काढली. सीबेक गुणांक आणि विद्युत संवाहकता आम्ही महाविद्यालयातच मोजल्या. औष्णिक संवाहकतेसाठी नमुना दूरच्या एका प्रयोगशाळेकडे शुल्क भरून पाठवला. अडीच महिन्यांनी एका पानाचा अहवाल आला. त्यात एकच आकडा होता, पण तो कोणत्या दिशेचा हे कुठेही लिहिलेले नव्हते. विचारणा केली तेव्हा मोजणी जाडीच्या दिशेने केल्याचे कळले. आमची विद्युत संवाहकता पट्टीच्या लांबीच्या दिशेची होती. गाळून केलेल्या फिल्ममध्ये नलिका पानावर आडव्या पडलेल्या असतात, त्यामुळे लांबीच्या दिशेने उष्णता जाडीच्या दिशेपेक्षा कितीतरी पट, कधी दहा-वीस पटही जास्त वाहते. एका दिशेची वीज आणि दुसऱ्या दिशेची उष्णता एकाच सूत्रात घातली असती तर आमची झेडटी तितक्याच पटींनी फुगली असती. तिने ते केले नाही. प्रबंधात झेडटीची जागा कोरी ठेवली आणि कोरी का ठेवली ते स्वच्छ शब्दांत लिहिले. तोंडी परीक्षेत तिला गुण त्यामुळेच कमी पडले, याचे मला आजही वाईट वाटते.

हा दिशेचा प्रश्न कागदोपत्री नाही. त्या मुलीचे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर फायरमन आहेत, म्हणून तिने पहिल्यापासून डोळ्यांसमोर कारखान्याचा पाइपच ठेवला होता. समजा ९० अंशांचा पाइप आहे आणि बाहेर ३५ अंशांची हवा. ५० मायक्रॉनची फिल्म पाइपाभोवती पट्टीसारखी गुंडाळली तर ५५ अंशांचा सगळा फरक फिल्मला मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात स्थिर हवेचा उष्णतेला होणारा विरोध फिल्मच्या विरोधाच्या शेकडो पट असतो आणि हिशेब केला तर फिल्मच्या वाट्याला अंशाचा दहावा भागही येत नाही. म्हणून पट्टी पाइपावर उभी करावी लागते, घडीच्या पंख्यासारखी, म्हणजे एक कड पाइपाला टेकलेली आणि दुसरी हवेत. तेव्हा उष्णता पट्टीच्या लांबीने वाहते. वापर लांबीच्या दिशेने करायचा असेल तर मोजणीही लांबीच्या दिशेनेच हवी.

मोजमापाचा दुसरा घोटाळा आपल्या हवेमुळे होतो. पेडॉटसोबत जो पीएसएस नावाचा आम्लधर्मी पॉलिमर येतो, तो हवेतील पाणी शोषतो. ओलसर फिल्ममध्ये इलेक्ट्रॉनिक भारांबरोबर आयनही सरकतात आणि त्यांचेही व्होल्टेज मोजणीत मिसळते. ते टिकणारे नसते, पट्टीला रोधक जोडून वाट पाहिली की ओसरते, पण घाईने आकडा टिपला तर फिल्म आहे त्याहून उजवी वाटते. आमच्या वह्यांत एकाच फिल्मचा ऑगस्टमधला गुणांक एप्रिलमधल्याहून ठळकपणे जास्त आहे. एप्रिलच्या कोरड्या हवेत आणि श्रावणातल्या दमट हवेत घेतलेले दोन आकडे शेजारी ठेवून विद्यार्थ्याने काय निष्कर्ष काढावा? आर्द्रता बांधून ठेवणारी एक बंद पेटी असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

माझी मागणी एकच आहे. मराठवाड्यातील विद्यापीठांनी मिळून एक सामाईक तापविद्युत मोजमाप केंद्र उभारावे, जिथे सीबेक गुणांक, विद्युत संवाहकता आणि औष्णिक संवाहकता या तिन्ही राशी एकाच पट्टीवर, एकाच दिशेने, ठरावीक तापमानाला आणि ठरावीक आर्द्रतेला मोजल्या जातील, आणि ज्याचे दार संलग्न महाविद्यालयांतील पदवीच्या विद्यार्थ्यालाही उघडे असेल. विद्युतवाहक पॉलिमरचे काम या भागाला नवे नाही. पॉलिॲनिलीन आणि पॉलिपायरोल यांच्या फिल्म वायू-संवेदकांसाठी करणारे हात इथे वर्षानुवर्षे तयार झाले आहेत. जालन्याला रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा आवार आहे. कमतरता फिल्म करणाऱ्यांची नाही.

यासाठी फार मोठे यंत्रच लागते असेही नाही. आँगस्ट्रॉम यांनी १८६१ मध्ये मांडलेली पद्धत आजही उत्तम चालते. पट्टीचे एक टोक ठरावीक लयीत गरम-थंड करायचे आणि पुढच्या दोन बिंदूंवर ती लहर किती मंदावली व किती उशिरा पोहोचली हे नोंदवायचे. त्यावरून उष्णतेचा प्रसार लांबीच्या दिशेने कळतो, आणि घनता व विशिष्ट उष्मा यांनी गुणले की संवाहकता मिळते. निर्वात पेटी, बारीक थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) आणि संयम एवढे साहित्य हवे. रोज सकाळी पहिली मोजणी माहितीच्या धातूवर व्हावी. तांबे आणि कॉन्स्टंटन यांच्या जोडीला अंशामागे सुमारे ४० मायक्रोव्होल्ट मिळतात, तेवढे आले नाहीत तर त्या दिवशी कोणाचाही नमुना लावू नये. आणि अहवालात आकड्याशेजारी दिशा, आर्द्रता आणि तार व तापमापक नेमके कुठे टेकवले होते हे लिहिणे बंधनकारक असावे. तारेचा ठिपका रुंद असेल किंवा तापमापकापासून दूर असेल तर सीबेक गुणांक सहज चुकतो, हे आम्ही आमच्याच चुकांतून शिकलो आहोत.

एका गोष्टीत मात्र काटकसर करू नये, ही विनवणी आहे. नॅनोट्यूबची कोरडी पूड छताचा पंखा चालू असताना उघड्या काट्यावर तोलली जाताना मी पाहिली आहे. लांब, ताठ नलिका श्वासावाटे फुप्फुसात गेल्या तर ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा अपाय करू शकतात अशी चिन्हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसली आहेत, आणि २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बहुभिंती नलिकांचा एक विशिष्ट प्रकार माणसाला कर्करोग होण्याच्या शक्यतेच्या गटात ठेवला. फिल्ममध्ये बसलेली नलिका उडत नाही, धोका असतो तो पुडीचा. महाविद्यालयांना पूड न देता केंद्रानेच द्रावणात विरवलेल्या नलिका बाटलीतून द्याव्यात. अठरा-वीस वर्षांच्या मुलांची जबाबदारी आपल्यावर आहे.

या फिल्ममधून घरात दिवा लागेल असे मी म्हणत नाही, आणि कोणी म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पट्टीचे एक टोक ९० आणि दुसरे ६० अंशांवर असेल आणि झेडटी ०.१ असेल, तर पट्टीतून जाणाऱ्या दर १००० वॅट उष्णतेमागे जेमतेम २ वॅट वीज मिळते. जालन्याच्या रोलिंग मिलमधील भट्ट्यांची हजार अंशांची उष्णता या पदार्थाच्या कामाची नाही, तिथे पॉलिमर जळूनच जाईल. त्याचे क्षेत्र १०० अंशांच्या आसपासचे आणि त्याखालचे आहे, जिथली उष्णता इतर कोणी विचारतच नाही. साखर कारखान्यात निवळण्याआधी रस १०० अंशांच्या थोडा वर तापवला जातो. ज्यूस हीटर, इव्हॅपोरेटर, वाफेच्या वाटा हे सगळे गळीत हंगामात मोळी पडल्यापासून रात्रंदिवस तापलेले असते. टर्बाईनच्या बेअरिंगचे तापमान किंवा वाफेच्या सापळ्याची (पाइपातले पाणी सोडून वाफ अडवणाऱ्या झडपेची) गळती दर काही मिनिटांनी बिनतारी कळवणाऱ्या संवेदकाला सरासरी एक मिलिवॅट किंवा त्याहूनही कमी वीज पुरते, आणि २० मिलिव्होल्टपासून काम सुरू करणाऱ्या चिप बाजारात आहेत. वाफ, रसाचा चिकटा आणि बगॅसची धूळ असलेल्या जागी शंभर संवेदकांच्या बॅटऱ्या बदलत फिरणाऱ्या माणसाला हे मिलिवॅट किती मोलाचे वाटतील हे कारखान्यातल्या कोणालाही विचारावे.

म्हणून केंद्राबरोबर एक छोटी व्यवस्थाही व्हावी. विद्यापीठाने परिसरातील दोन-तीन कारखान्यांशी करार करून, लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) काढलेला एक मीटर पाइप एका हंगामासाठी विद्यार्थ्यांना मिळवून द्यावा. प्रयोगशाळेत तासभर टिकलेली फिल्म आणि कारखान्यात चार महिने टिकलेली फिल्म यांत फार अंतर आहे, विशेषतः ऋण प्रकारच्या, म्हणजे ज्यांत ऋण भार वाहतात अशा, पट्ट्यांबाबत. हवेतील ऑक्सिजनमुळे नलिका आपोआप धन प्रकारच्या होतात. पॉलिएथिलिनइमाइनसारख्या नायट्रोजनयुक्त पॉलिमरचा लेप देऊन त्यांना ऋण करता येते, पण उघड्या हवेत हा परिणाम हळूहळू उतरतो, आणि धन-ऋण जोड्या झाल्याशिवाय नीट जनित्र होत नाही. लेपावर कोणते आवरण दिले म्हणजे तो हंगामभर टिकेल, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांनी सोडवण्याजोगा आहे. त्यासाठी परदेशी यंत्र लागत नाही, गरम पाइप लागतो आणि दर आठवड्याला जाऊन आकडा लिहून आणणारे कोणी लागते. बिघडलेल्या पट्ट्यांच्या नोंदीही केंद्राने जपून सर्वांना खुल्या कराव्यात, म्हणजे नांदेडला जे फसले ते बीडला पुन्हा करून पाहावे लागणार नाही.

हा विषय संशोधन समितीच्या पुढील बैठकीत घ्यावा आणि अंदाजपत्रकात केंद्रासाठी स्वतंत्र शीर्ष ठेवावे, अशी विनंती आहे. बोलावणे आले तर मी आमच्या पट्ट्या, दोन्ही ऋतूंतल्या नोंदवह्या आणि तो एका पानाचा अहवाल घेऊन येईन. ती विद्यार्थिनी आता एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधातील कोऱ्या जागेची फिल्म तिने डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, जपून ठेवली आहे, आणि केंद्र सुरू झाले तर पहिला नमुना तोच लावावा अशी तिची इच्छा आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
भौतिकशास्त्राचा एक अध्यापक, धाराशिव जिल्हा